आधी थांबायचं

वर्गातला पहिला प्रश्न सोपा होता. "रस्त्यावर मोटरसायकल आडवी पडलीय. शेजारी माणूस पडलाय, हालचाल नाही. तुम्ही तिथे पोचलात. सगळ्यात आधी काय कराल?"

आम्ही अठराजण होतो. कुणी गॅरेजवाला, कुणी ढाब्यावर कामाला, एक किराणा दुकानदार, कॉलेजातल्या दोन मुली आणि हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी. घाटाखालच्या आमच्या गावात लोकवर्गणीतून एक रुग्णवाहिका घेतली होती. १०८ची गाडी येईपर्यंत जखमीजवळ कुणीतरी शिकलेलं माणूस पोचलेलं असावं, एवढाच हेतू. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक नर्सिंग असिस्टंट होते. सगळे त्यांना सुभेदार म्हणत.

उत्तरं भराभर आली. नाडी बघायची. रक्त थांबवायचं. पाणी पाजायचं. यावर सुभेदार वैतागले. बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं, हे त्यांनी पुढच्या तीन आठवड्यांत निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी मास्तर असल्यामुळे "श्वास चालू आहे का ते बघायचं" असं म्हणालो आणि शाबासकीची वाट बघत बसलो. सुभेदारांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: थांबायचं.

मग त्यांनी अक्षरं सांगितली. ए म्हणजे एअरवे, श्वासाचा मार्ग मोकळा आहे का. बी म्हणजे ब्रीदिंग, श्वास चालू आहे का. सी म्हणजे सर्क्युलेशन, रक्ताभिसरण. पण या एबीसीच्या आधी एक डी आहे. डी म्हणजे डेंजर. मागून गाडी येतेय का, पेट्रोल सांडलंय का, वीज उतरलीय का, दरड हलतेय का, ते आधी बघायचं. ते बघून होईपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. आणि क्रम पाठ करून घेतला: आधी मी, मग माझा जोडीदार, मग भोवतीची माणसं, मग पेशंट.

"म्हणजे पेशंट शेवटी?" कॉलेजातली एक मुलगी म्हणाली. "मग सर, आपण गेलोच कशाला?"

सुभेदारांनी उत्तर दिलं नाही. "चला, छाती दाबायला या," म्हणून त्यांनी रबरी पुतळा पुढे ओढला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाब आणि दोन श्वास. आम्ही घामाघूम झालो आणि प्रश्न राहून गेला. आता तो वर्ग मी घेतो. दर तुकडीत कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं. हा लेख म्हणजे त्या मुलीला फार उशिरा दिलेलं उत्तर आहे.

*

पहिलं उत्तर हिशेबाचं आहे आणि ते खोटं नाही. वाचवायला गेलेला माणूस स्वतः पडला तर एका पेशंटचे दोन होतात आणि हात मात्र दोन कमी होतात.

एप्रिल २०२४मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात जे घडलं ते अनेकांनी वाचलं असेल. शेणाचा काला साठवलेल्या एका पडीक विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकजण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहाजण उतरले आणि त्यातले पाच गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

असं का होतं, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सोपं आहे. सडणाऱ्या शेणातून, मैल्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं उतरणाऱ्याला वाटतं. आणि हवेत ऑक्सिजन फारच कमी असला तर एकदोन श्वासांतच शुद्ध जाते. शिडीवरच्या माणसाला "मला वर घ्या" म्हणायलाही सवड मिळत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाय घसरून पडला. म्हणून पुढचा उतरतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९८६ साली अशा बंदिस्त जागांबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला होता. अशा जागी मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात, असं त्यात म्हटलं होतं.

हे ऐकलं की वर्ग गप्प होतो. पण हिशेबानं मनाचं समाधान होत नाही. हिशेबच करायचा तर मग प्रत्येक वेळी करावा. समजा, मला धोका दहात एक आहे आणि त्याचा जीव वाचण्याची शक्यता दहात पाच. मग का थांबायचं? नियम असा हिशेब मांडू देत नाही, तो सरसकट थांबवतो. आणि आपण लहानपणापासून ज्यांच्या गोष्टी ऐकल्या ते कुणी थांबलेले नव्हते. कबुतरासाठी मांडीचं मांस कापून देणारा शिबी राजा, १६६०च्या जुलैत घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. 'जिवावर उदार होणं' हा आपल्या भाषेतला गौरवाचा शब्दप्रयोग आहे. 'जीव वाचवून राहणं' असं कौतुकानं कुणी म्हणत नाही. मग सुभेदार आम्हांला शहाणपण शिकवत होते की पळपुटेपणा?

*

नीतिशास्त्रावर पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला पीटर सिंगर यांचं तळं ठाऊक असतं. १९७२च्या एका निबंधात ते विचारतात, की उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही बाजूनं चाललात, कपडे चिखलानं खराब होतील एवढंच. तर त्याला बाहेर काढणं तुमचं कर्तव्य नाही का? अर्थात आहे. सिंगर यांना यातून दूरदेशीच्या भुकेल्यांबद्दल बोलायचं होतं, त्यामुळे त्यांनी तळं मुद्दाम उथळ ठेवलं. पण मी जेव्हा जेव्हा तो युक्तिवाद वाचतो तेव्हा मला वाटतं, पुस्तकातलं तळं नेहमी उथळ असतं. आपल्या वाट्याला येणाऱ्या तळ्याचा तळ दिसत नाही. आपलं कर्तव्य काय, याच्या आधी आपल्यापुढे प्रश्न असतो की पाणी किती खोल आहे.

याहून जवळचं मला कन्फ्यूशियसच्या संवादांतलं एक छोटं प्रकरण वाटतं. एक शिष्य जरा खवचटपणे विचारतो, की सज्जन माणसाला कुणी सांगितलं की विहिरीत माणूस पडलाय, तर तोही पाठोपाठ उडी टाकेल का? गुरूचं म्हणणं असं, की असं कशाला होईल. सज्जनाला विहिरीपर्यंत धावत नेता येईल, विहिरीत ढकलता येणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सुभेदारांची बाजू मांडून ठेवली आहे. काठापर्यंत धावत जाणं आणि काठावर थांबणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, नव्हे असाव्या लागतात. जो धावतच नाही त्याच्या थांबण्याला काही अर्थ नाही.

आणि मग वाकडीची विहीर परत आठवते. पहिला माणूस मांजरासाठी उतरला. पण दुसरा मांजरासाठी उतरला नाही, पहिल्यासाठी उतरला. तिसरा दुसऱ्यासाठी. माझा जीव माझा आहे, तो मी देऊन टाकीन, असं आपण म्हणतो. पण माझ्यावर माया करणारी माणसं काठावर उभी असतात. मी पडलो की त्यांना तीच विहीर दिसते, फक्त आता आत मी असतो. म्हणजे उडी मारणारा एकटा उडी मारत नाही. तो मागच्याला हाक मारून जातो. 'आधी मी' हे वाक्य ऐकायला स्वार्थी आहे, पण त्याचा खरा अर्थ 'माझ्यापाठोपाठ कुणाला उतरावं लागू नये' असा आहे. हे कळल्यावर तो नियम मला हिशेबापेक्षा जास्त पटला. रुग्णवाहिकेत माझ्याबरोबर बसणारा जोडीदार, तो गॅरेजवाला, त्याला दोन लहान मुली आहेत. तो गाडीत बसतो ते मी वेडेपणा करणार नाही या भरवशावर.

पावनखिंडीतही आंधळी उडी नव्हती. कुणासाठी, किती वेळ, कशाच्या बदल्यात हे ठरवून लोक तिथे उभे राहिले होते.

*

इथवर लेख संपला असता तर बरं झालं असतं.

जुलैची रात्र. पाऊस असा की वायपर चालू असूनही काच दिसत नव्हती. वळणावर एक टेम्पो विजेच्या खांबाला धडकला होता. खांब कललेला, आणि एक तार तुटून टेम्पोच्या टपावरून खाली ओल्या रस्त्यापर्यंत आलेली. आत ड्रायव्हर, तिशीचा असेल. शुद्धीत होता. पत्रा आत घुसून मांडी कापली गेली होती. त्याचा धाकटा भाऊ मागून मोटरसायकलवर येत होता. आम्ही पोचलो तेव्हा तो टेम्पोकडे धावतच निघाला होता. गॅरेजवाल्यानं त्याला मिठी मारून धरला.

तार पडलेली असली की काय करायचं हे पाठ होतं. निदान दहा मीटर लांब राहायचं, कारण वीज ओल्या जमिनीतून पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरातही धक्का बसू शकतो. तार ठिणग्या टाकत नाही म्हणजे ती मेलेली आहे असं धरायचं नाही. गाडीतला माणूस गाडीतच सुरक्षित असतो, एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर असं मात्र होता कामा नये. मी ओरडलो, "दादा, आतच बसा! पाय खाली टाकू नका! गमछा आहे ना? जखमेवर दाबा, दोन्ही हातांनी, जोरात!" त्यानं दाबला. मी दर मिनिटाला हाक मारत होतो, तो "हां" म्हणत होता. जोडीदार फोनवर उपकेंद्राकडून लाईन बंद असल्याची खात्री मागत होता. पावसात, रात्री, कुठला फीडर, कुठला खांब, हे सगळं जुळायला वेळ लागतो, यात कुणाचा दोष नाही.

मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. त्याची पूर्ण तुटलेली नसावी, कारण तो बाराव्या मिनिटापर्यंत हाकेला ओ देत होता. मग ओ आली नाही. एकोणिसाव्या मिनिटाला लाईन बंद असल्याचा निरोप आला. आम्ही धावलो. नाडी लागली नाही. ग्रामीण रुग्णालयापर्यंत छाती दाबत नेलं, पण फिरवायला रक्तच उरलेलं नसलं तर छाती दाबून काय फिरणार.

नंतर वायरमन भेटला. म्हणाला, खांबाला धडक बसली त्याच क्षणी फीडर ट्रिप झाला होता. म्हणजे आम्ही तिथे होतो ती सगळी एकोणीस मिनिटं तार मेलेलीच होती. "पण सर," तो माझा चेहरा बघून म्हणाला, "लाईन तपासायला परत चार्ज करतात कधीकधी. त्या वेळी तुम्ही हात लावलेला असता तर?"

भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं मला विचारलं, "म्हणजे मी गेलो असतो तर चाललं असतं?"

मी म्हणालो, "तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं."

हे खरं होतं. पण तो ते विचारत नव्हता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं, आणि ते मी दिलं नाही.

*

लोकांनी माझी समजूत काढली. सुभेदारांनी तर वहीत काढून दाखवलं, की जे माहीत होतं त्यावर निर्णय बरोबर होता. निकालावरून निर्णयाला नावं ठेवायची नाहीत. हे मला पटतं. अजूनही पटतं. तसाच प्रसंग उद्या आला तर मी थांबेन.

पण 'तुझी चूक नव्हती' या वाक्यात एक घाई असते, ती मला खटकते. बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञानं एका लॉरीवाल्याचं उदाहरण दिलं आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. बघणाऱ्यांनाही वाईट वाटतं, पण लॉरीवाल्याला जे वाटतं ते वेगळ्या जातीचं असतं. आपण त्याची समजूत घालतो, घालायलाच हवी. पण तो फार चटकन सावरला, जेवायला बसला, तर आपल्याला त्याच्याबद्दलच शंका येईल. दोष नसतानाही काहीतरी आपल्या नावावर जमा होतं. मराठीत याला मला दोष किंवा पाप यापेक्षा देणं हा शब्द बरा वाटतो. आपण कर्ज काढलेलं नसतं, पण वडिलांचं म्हणून फेडतो तसं.

पंधरवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. आईनं चहा केला. भाऊ आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. मी बोलावलंही नाही.

*

या देण्याचा विचार करताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या.

पहिली अशी, की 'थांबायचं' हा नियम फार सहज चोरला जातो. अपघाताभोवती मोबाइल धरून उभं असलेलं कोंडाळंही थांबलेलंच असतं आणि तेही सुरक्षित असतं. पूर्वी लोक म्हणायचे, पोलिसांची भानगड नको. ती सबब आता राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. तरी कोंडाळं असतंच. त्याच्यात आणि आमच्यात फरक काय, असं मुलं विचारतात. मी सांगतो, थांबलेला असताना तुझे हात आणि तुझं तोंड काय करतंय ते बघ. फोन लावतोयस का, गर्दी मागे हटवतोयस का, आतल्या माणसाला हाक मारतोयस का. या कामांसाठी जो थांबत नाही, तो नुसता बघा आहे.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. 'आधी तुझा जीव' असं मला कुणीतरी फळ्यावर लिहून शिकवलं. याच देशात, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये दोराविना, मुखवट्याविना माणसं उतरवली जातात. २०१३च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली, म्हणजे मरणं थांबलेली नाहीत. ती माणसं बहुतेक कोणत्या जातींतली असतात हे सांगायची गरज नाही. त्यांना डी शिकवणारं कुणी नव्हतं, कारण त्यांचा धोका हा कुणाला धोकाच वाटला नाही. २०१५ साली कोझिकोडमध्ये असेच दोन कामगार मॅनहोलमध्ये अडकले, तेव्हा रस्त्यानं जाणारा एक रिक्षाचालक त्यांच्यासाठी आत उतरला. ते दोघं त्याच्या ओळखीचे नव्हते, गावचेही नव्हते. तिघंही गेले.

त्या रिक्षाचालकाबद्दल वर्गात काय सांगायचं? नियमानुसार त्यानं जे केलं ते करू नये. पण तो चुकला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांच्या जिवाची कुणी किंमत केली नाही, त्यांची किंमत त्यानं स्वतःच्या जिवाएवढी धरली. मी असं सांगतो, की त्याला हात जोडावेत, पण त्याचं अनुकरण करा असं सांगण्याचा मला अधिकार नाही. स्वतःचा जीव देण्याचा हक्क माणसाला असेलही. पण समोर बसलेल्या अठराजणांचे जीव खर्च करण्याचा हक्क मास्तरला नाही.

*

पहिली दोन वर्षं मी वर्गात त्या रात्रीची गोष्ट सांगताना शेवट गाळत असे. तार मेलेली होती, हे सांगत नसे. वाटायचं, ऐकून मुलं पुढच्या वेळी धावतील. आता सांगतो. जो नियम खरी गोष्ट ऐकून टिकत नाही, तो ऐन वेळीही टिकणार नाही. आणि तो नियम कधीकधी माणसाच्या जिवाची किंमत घेतो हे ज्याला माहीत नाही, तो थांबताना निवांत होईल. मला निवांत थांबणारी माणसं नको आहेत.

आमच्या गाडीत आता काही गोष्टी बदलल्या आहेत. परिसरातल्या उपकेंद्रांचे नंबर आणि फीडरची नावं डॅशबोर्डवर चिकटवली आहेत. रस्त्यालगतच्या खांबांवरचे क्रमांक आम्ही उन्हाळ्यात फिरून वहीत उतरवून घेतले. दोर कायम हाताशी असतो. आणि एका छोट्या पिशवीत रक्त थांबवायचा आवळपट्टा ठेवला आहे, वजन घालून, दहा-बारा मीटर लांबून खिडकीत फेकता येईल असा. दर तुकडीला मी तो फेकायला लावतो. एकजण मैदानाच्या पलीकडे खुर्चीत बसतो आणि दुसऱ्यानं नुसतं ओरडून त्याला सांगायचं: जखमेच्या वर चार बोटं, मांडीभोवती घाल, ओढ, दांडी पिरगाळ, रक्त थांबेपर्यंत पिरगाळ, दुखेल, सोडू नकोस. पहिल्यांदा सगळेच चुकतात. पाचव्या-सहाव्या वेळी जमतं.

मागच्या तुकडीत एका मुलीनं तोच प्रश्न विचारला: पेशंट शेवटी, तर मग आपण जायचंच कशाला? मी तिच्या हातात ती पिशवी दिली आणि मैदानाच्या पलीकडे जाऊन खुर्चीत बसलो. तिचा पहिला नेम चुकला. मी म्हणालो, "परत."